वहीत नफा आहे, मग खात्यात पैसा का नाही? छोट्या व्यवसायाचा हिशेब आणि रोकड सांभाळण्याची पद्धत

एका व्यवसायाने महिन्यात ३,००,००० चा माल रोखीने घेतला, तो सगळा ४,००,००० ला दोन महिन्यांच्या उधारीवर विकला आणि पगार, भाडे, वीज यांवर ६०,००० खर्च केले, असे समजा. (आकडे कोणत्याही चलनात वाचा, प्रमाण तेच राहते.) वहीप्रमाणे ४०,००० नफा झाला. खात्यातून मात्र ३,६०,००० गेले आणि आले शून्य. दुसऱ्या महिन्यातही तेवढाच धंदा झाला की खड्डा ७,२०,००० चा होतो. पहिल्या महिन्याची वसुली तिसऱ्या महिन्यात येते, तेव्हा कुठे तो वाढायचा थांबतो.

आता तिसऱ्या महिन्यात विक्री २५ टक्क्यांनी वाढली. ३,७५,००० चा माल ५,००,००० ला गेला, नफा ६५,००० झाला. पण त्या महिन्यात हाती आले जुन्या विक्रीचे ४,००,००० आणि गेले ४,३५,०००. नफा वाढला आणि रोकड ३५,००० ने घटली. चौथ्या महिन्यातही तेच होते, खड्डा ७,९०,००० वर जातो. चांगला चाललेला धंदा पगाराच्या दिवशी अडकतो तो अशाने. तोट्याइतकेच तारखांचे गणितही व्यवसाय बंद पाडते, म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत रकमेइतकेच तारखेकडे लक्ष द्या.

पायरी १ : पैसा वेगळा करा

व्यवसायाचे बँक खाते स्वतंत्र हवे, मग व्यवसाय एकट्याचा असला तरी. घरचा खर्च या खात्यातून परस्पर करायचा नाही. मालकाने दरमहा ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम घ्यावी आणि ती 'उचल' खात्यात लिहावी. मालकाची उचल व्यवसायाचा खर्च नसते, ती भांडवलातून वजा होते. तसेच मालकाने घरचे पैसे धंद्यात घातले तर ते भांडवल. नवखे लोक ही रक्कम जमेच्या बाजूला पाहून उत्पन्न धरतात आणि महिना बरा गेला असे समजतात.

दुसरे एक खाते कराच्या पैशासाठी काढा. ग्राहकाकडून विक्रीवर घेतलेला कर तुमचा नसतो. तो तुमच्याकडे थोडे दिवस थांबलेला असतो. वसुली झाली की आठवड्याला तेवढी रक्कम त्या खात्यात हलवा. भरणा करण्याच्या दिवशी अडचण येते ती बहुतेक वेळा कराचा पैसा माल खरेदीत गेल्यामुळे.

पायरी २ : खात्यांची यादी

सगळी खाती पाच गटांत बसतात : मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न, खर्च. सुरुवातीला २० ते २५ खाती पुरतात. ऐंशी खाती उघडली की एकच खर्च कधी 'प्रवास'मध्ये, कधी 'वाहतूक'मध्ये जातो आणि महिन्यांची तुलना निरर्थक होते. उलट 'इतर खर्च' हे एकच खाते फुगत गेले तर त्यात काय दडले आहे ते उघडून पाहा. एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांपेक्षा ते मोठे असू नये, असा साधा नियम ठेवा.

पायरी ३ : रोजमेळ

हिशेबाचा कणा हाच. दिवसाची सुरुवातीची शिल्लक, त्यात आलेली रक्कम मिळवा, गेलेली वजा करा, शेवटची शिल्लक काढा. मग गल्ल्यातील नोटा-नाणी प्रत्यक्ष मोजा. दोन्ही आकडे जुळले की सही करून पान बंद. हे काम त्याच दिवशी करायचे. तीन दिवसांचा रोजमेळ एकदम लिहायला बसले की मधला एखादा खर्च आठवत नाही, आणि फरक नेमका कोणत्या दिवसाचा हे कळायला मार्ग राहत नाही.

प्रत्येक नोंदीमागे कागद हवा : बिल, पावती किंवा व्हाउचर. पावती न मिळणारा खर्च असेल तर स्वतः व्हाउचर करा. त्यावर अनुक्रमांक, तारीख, कोणाला, कशासाठी, किती, आणि घेणाऱ्याची सही. अनुक्रमांक सलग ठेवा, म्हणजे एखादे व्हाउचर गहाळ झाले तर लगेच दिसते. थर्मल कागदावर (शाईऐवजी उष्णतेने) छापलेल्या पावत्या काही महिन्यांत पुसट होतात, त्यांचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.

चहा, टपाल, रिक्षा अशा बारीकसारीक खर्चासाठी वेगळी पेटी ठेवा आणि तिची रक्कम ठरवून टाका, समजा ५,०००. पेटीतील रोख आणि खर्चाच्या चिठ्ठ्या यांची बेरीज कोणत्याही क्षणी ५,००० च आली पाहिजे. आठवड्याअखेर ३,२०० च्या चिठ्ठ्या निघाल्या तर त्या खात्यांवर टाका आणि पेटीत बरोबर ३,२०० भरा. गल्ल्यातून सुटे काढून खर्च करण्याची सवय इथेच मोडते.

फरक आला तर डोके धरून सगळे पुन्हा तपासायच्या आधी दोन गोष्टी करा. फरकाला ९ ने भाग जातो का पाहा. जात असेल तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झाली आहे : ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले की फरक ९०० चा येतो. एक शून्य कमी-जास्त पडले तरी हीच खूण दिसते, ५०० चे ५० झाले तर फरक ४५०. दुसरे, फरकाची निम्मी रक्कम काढा आणि तेवढ्याच रकमेची नोंद शोधा. नोंद चुकीच्या बाजूला पडली की फरक तिच्या दुप्पट येतो. तरीही सापडले नाही तर आकडा बसवून मोकळे होऊ नका. 'रोकड कमी-जास्त' नावाचे खाते ठेवा आणि फरक तिथे लिहा. महिनाभर ते खाते एकाच दिशेने वाढत असेल, तर प्रश्न बेरजेचा नाही, गल्ल्यावर बसणाऱ्याचा आहे. म्हणूनच रोख घेणारा आणि रोजमेळ लिहिणारा माणूस शक्यतो वेगळा असावा. दोनच माणसे असतील तर मोजणी तरी दुसऱ्याने करावी.

कार्डाने किंवा अ‍ॅपवरून आलेल्या पैशात एक खाच आहे. १०,००० ची विक्री झाली आणि २०० शुल्क कापून खात्यात ९,८०० आले, तर विक्री १०,००० च लिहायची आणि २०० शुल्क खर्चात टाकायचे. नुसते ९,८०० लिहिले तर विक्री कमी दिसते आणि शुल्क वर्षाला किती जाते ते कधीच कळत नाही.

पायरी ४ : जमा (क्रेडिट) आणि नावे (डेबिट)

संगणकावर हिशेब ठेवला तरी हे समजले पाहिजे, कारण चुकीचे खाते निवडले तर यंत्र तक्रार करत नाही. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांवर पडतो आणि दोन्ही बाजूंची रक्कम सारखी असते. व्यक्तीच्या बाबतीत घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. वस्तू-मालमत्तेच्या बाबतीत येईल ते नावे, जाईल ते जमा. खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. उधारीवर माल विकला : ग्राहकाच्या नावे, विक्री जमा. त्याने पैसे दिले : बँकेच्या नावे, ग्राहक जमा. दुसऱ्या वेळी विक्री पुन्हा लिहायची नाही. हा घोळ नवीन माणसाकडून हमखास होतो आणि विक्री दुप्पट दिसू लागते.

बँकेचा उतारा पाहून बरेच जण गोंधळतात. आपल्या वहीत बँकेतील शिल्लक नावे असते, उताऱ्यावर मात्र ती जमा दिसते. उतारा बँकेच्या बाजूने लिहिलेला असतो. तुमचे पैसे तिच्या लेखी देणे आहे.

आणखी तीन ठिकाणी नोंदी चुकतात. कर्जाचा २२,००० चा हप्ता गेला आणि त्यात व्याज ५,००० असेल, तर खर्च फक्त ५,०००. उरलेल्या १७,००० ने कर्ज कमी होते. ग्राहकाने दिलेली आगाऊ रक्कम माल देईपर्यंत देणे असते, तिला विक्री म्हणायचे नाही. आणि यंत्र घेतले तर त्याची पूर्ण किंमत त्याच महिन्याच्या खर्चात टाकायची नाही : १,२०,००० चे यंत्र पाच वर्षे चालणार असेल आणि शेवटी मोडीत २०,००० येणार असतील, तर वर्षाला २०,००० घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, एवढाच खर्च. रोकड मात्र पहिल्याच दिवशी १,२०,००० गेलेली असते. नफातोटा पत्रक पाहून रोकडीचा अंदाज बांधता येत नाही, त्याचे हे आणखी एक कारण.

पायरी ५ : बँक जुळवणी

महिन्यातून किमान एकदा, व्यवहार जास्त असतील तर दर आठवड्याला. वही आणि उतारा समोरासमोर ठेवून दोन्हीकडे असलेल्या नोंदींवर खूण करा. उरतील त्या नोंदी म्हणजे फरकाचे कारण. वहीत शिल्लक ८६,५००, उताऱ्यावर १,०१,२०० आहे असे धरा. तुम्ही दिलेला १८,००० चा धनादेश अजून वटलेला नाही, तुम्ही भरलेला ५,००० चा धनादेश खात्यात जमा व्हायचा आहे. म्हणजे बँकेची खरी शिल्लक १,०१,२०० वजा १८,००० अधिक ५,००० = ८८,२००. इकडे बँकेने ३०० शुल्क कापले आहे आणि एका ग्राहकाने २,००० परस्पर खात्यात भरले आहेत; हे वहीत नव्हते. ८६,५०० वजा ३०० अधिक २,००० = ८८,२००. जुळले. यातल्या शेवटच्या दोन नोंदी वहीत करायच्या, पहिल्या दोन्हींसाठी फक्त वाट पाहायची. न वटलेला तोच धनादेश दोन-तीन महिने यादीत दिसत राहिला तर घेणाऱ्याला फोन करा, तो हरवलेला असू शकतो.

मोबाइलवर दिसणारी शिल्लक पाहून खर्चाचा निर्णय घेणाऱ्यांना हे १८,००० दिसत नाहीत.

पायरी ६ : उधारी

बिल माल दिला त्याच दिवशी द्या. महिनाअखेरीस एकदम बिले काढण्याची पद्धत म्हणजे ग्राहकाला फुकट दिलेले सरासरी पंधरा दिवस. बिलावर '३० दिवसांत' असे न लिहिता नेमकी देय तारीख लिहा. ग्राहकाचा खरेदी क्रमांक, बँक तपशील, माल मिळाल्याची सही हे सगळे पहिल्यांदाच बरोबर असू द्या. मोठे ग्राहक पैसे अडवतात तेव्हा कारण बहुतेकदा बिलातील एखादी राहिलेली गोष्ट असते, आणि ती त्यांना देय तारीख उलटल्यावरच आठवते.

दर आठवड्याला उधारीची वयवार यादी काढा : ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ६०, ६१ ते ९०, आणि ९० च्या पुढे. एकूण येणे किती यापेक्षा ते कोणत्या रकान्यात सरकते आहे हे महत्त्वाचे. आठवणीचे वेळापत्रकही ठरवून टाका. देय तारखेच्या तीन दिवस आधी साधा निरोप, तारखेला दुसरा, सात दिवसांनी फोन, पंधरा दिवसांनी पुढचा माल थांबवणे. नियम सगळ्यांना सारखा असला की मागायला संकोच वाटत नाही. नव्या ग्राहकाला उधारीची मर्यादा घाला, आणि सांगून बनवायच्या मालावर कच्च्या मालाच्या खर्चाइतकी तरी आगाऊ रक्कम घ्या.

उधारी बुडण्याची किंमत लोक कमी धरतात. विक्रीवर दहा टक्के नफा असेल आणि १०,००० बुडाले, तर ते भरून काढायला आणखी १,००,००० ची विक्री लागते.

लवकर पैसे देणाऱ्याला सूट द्यावी का? '३० ऐवजी १० दिवसांत द्या, २ टक्के सूट' हे ऐकायला किरकोळ वाटते. पण वीस दिवस आधी मिळालेल्या ९८ साठी तुम्ही २ मोजता, म्हणजे वार्षिक दर सुमारे ३७ टक्के. विकताना ही सूट अडचणीतच द्या. खरेदीत कोणी देऊ केली आणि हाताशी पैसा असेल, तर मात्र जरूर घ्या.

पायरी ७ : पैसा किती दिवस अडकतो

माल सरासरी किती दिवस पडून राहतो, त्यात ग्राहक किती दिवसांनी पैसे देतो ते मिळवा, आणि पुरवठादार तुम्हाला किती दिवस देतो ते वजा करा. ४० अधिक ४५ वजा ३० म्हणजे ५५ दिवस. रोजचा खर्च सरासरी १०,००० असेल तर साधारण ५,५०,००० खेळते भांडवल कायम अडकलेले राहणार. वसुली दहा दिवसांनी लवकर झाली तर १,००,००० मोकळे होतात, तेही व्याज न देता. वसुलीचे दिवस काढायला येणे रकमेला वर्षाच्या उधार विक्रीने भागून ३६५ ने गुणा.

पायरी ८ : तेरा आठवड्यांचा तक्ता

हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. कागदावर तेरा रकाने आखा, एका आठवड्याला एक. तेराच अशासाठी की एक पूर्ण तिमाही त्यात मावते. त्यापुढचा आठवडावार अंदाज हवेतला असतो. प्रत्येक रकान्यात सुरुवातीची शिल्लक, येणारी रक्कम, जाणारी रक्कम, अखेरची शिल्लक.

येणारी रक्कम लिहिताना बिलावरची तारीख विसरा. तो ग्राहक मागच्या वेळी प्रत्यक्षात किती दिवसांनी देऊन गेला ते पाहा आणि तो आठवडा धरा. तोंडी आश्वासने आणि न झालेल्या ऑर्डरी या तक्त्यात घालायच्या नाहीत. जाणाऱ्या बाजूला पगार, भाडे, हप्ते सगळ्यांना आठवतात. राहून जातात ते वर्षातून एक-दोनदा येणारे खर्च : विमा, परवान्याचे नूतनीकरण, आगाऊ कर, बोनस, दुरुस्तीचे कंत्राट. मागच्या वर्षाचा बँक उतारा सुरुवातीपासून वाचला की ते सगळे सापडतात.

पहिले चार आठवडे असे दिसले असे धरा :

- आठवडा १ : शिल्लक १,५०,०००, येणार ८०,०००, जाणार ६०,०००, अखेर १,७०,०००
- आठवडा २ : येणार ७०,०००, जाणार ९०,०००, अखेर १,५०,०००
- आठवडा ३ : येणार ९०,०००, जाणार १,३०,००० (पगार, भाडे धरून), अखेर १,१०,०००
- आठवडा ४ : येणार ६०,०००, जाणार १,४५,००० (विम्याचा वार्षिक हप्ता), अखेर २५,०००

खाते कुठेही उणे झाले नाही, तरी हा तक्ता धोक्याचा आहे. किमान एका महिन्याचा स्थिर खर्च हाताशी असावा असे धरले आणि तो ६०,००० असेल, तर चौथ्या आठवड्यात ३५,००० कमी पडतात. आता दुसऱ्या आठवड्याचे ७०,००० पाचव्यात ढकलून पाहा : चौथ्या आठवड्याअखेर खाते ४५,००० ने उणे. एकाच ग्राहकाच्या उशिराने हे होते. म्हणून तक्ता दोनदा मांडा, एकदा अपेक्षेप्रमाणे आणि एकदा सगळ्यात मोठी वसुली तीन आठवडे उशिरा धरून.

दर सोमवारी संपलेल्या आठवड्याचे खरे आकडे अंदाजाशेजारी लिहा आणि शेवटी नवा आठवडा जोडा. पहिले काही तक्ते बरेच चुकतील. कुठे चुकतात ते पाहत गेलात की कोणता ग्राहक किती उशीर करतो आणि कोणता खर्च तुम्ही नेहमी कमी धरता, हे महिन्या-दोन महिन्यांत समजते.

पायरी ९ : खड्डा दिसला तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी थकलेली वसुली. मग न हलणारा माल, खरेदी किमतीला गेला तरी विका. पडून असलेल्या मालाची जागा आणि पैसा दोन्ही सुटतात. मग पुढच्या खरेद्या लहान करा, जास्त मालावर मिळणाऱ्या सुटीचा मोह टाळून. त्यानंतर पुरवठादाराशी बोला, पण देय तारीख उलटण्यापूर्वी, नेमकी रक्कम आणि नेमकी तारीख सांगून. दोन हप्ते मागितले आणि दोन्ही वेळेवर दिले तर पत टिकते. फोन न उचलणाऱ्याची एका महिन्यात जाते.

कर्ज सगळ्यात शेवटी, आणि तेही ज्या कामासाठी घ्यायचे त्याच्याच मुदतीचे. थोड्या दिवसांची तूट भागवायला बँकेची उचल-मर्यादा (ओव्हरड्राफ्ट) ठीक. पाच वर्षे चालणारे यंत्र मात्र त्या मर्यादेतून किंवा खेळत्या भांडवलातून घेऊ नये. यंत्र पैसा हळूहळू परत देते, माल पुरवणारा तोवर थांबत नाही.

पायरी १० : महिना बंद करणे

पुढच्या महिन्याच्या पहिल्या पाच-सात दिवसांत हे उरकावे. बँक जुळवणी, उधारीची यादी, देण्यांची यादी, मालाची मोजणी, मग तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची यादी. तेरजेच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब बरोबर असे मात्र नाही : भाड्याची रक्कम वीज खात्यावर पडली किंवा एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, तरी तेरीज जुळते. म्हणून प्रत्येक खाते मागच्या महिन्याशेजारी ठेवून वाचा.

मोजणी टाळली तर नफा खोटा निघतो. विकलेल्या मालाची किंमत म्हणजे सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा. अखेरचा साठा अंदाजाने २०,००० जास्त धरला की नफाही २०,००० ने फुगतो. साठा विक्रीच्या भावाने धरू नका. खरेदी किंमत आणि बाजारात मिळणारी किंमत यांतली कमी असेल ती.

शेवटी दोन आकडे काढा. पहिला, ना नफा ना तोटा विक्री : स्थिर खर्च ६०,००० आणि विक्रीवर मालाचा नफा २५ टक्के असेल तर ६०,००० भागिले ०.२५, म्हणजे २,४०,०००. दुसरा, खरा नफ्याचा दर. येथे विक्रीवरचा आणि खरेदीवरचा टक्का लोक एक समजतात. ३,००,००० च्या मालावर २५ टक्के चढवून ३,७५,००० ला विकले तर विक्रीवर नफा २० टक्केच असतो. विक्रीवर २५ टक्के हवे असतील तर खरेदीला ०.७५ ने भागा, ४,००,००० येतात. हा फरक लक्षात न घेता भाव ठरवले असतील तर तीच २,४०,००० ची रेषा ३,००,००० वर गेलेली असते.

महिना बंद झाल्यावर त्या तारखेपर्यंतच्या नोंदींना संगणकात कुलूप लावा. चूक नंतर सापडली तर जुनी नोंद खोडू नका, चालू महिन्यात दुरुस्तीची नोंद करा आणि शेजारी कारण लिहा. फायलींची एक प्रत दुकानाबाहेर किंवा दुसऱ्या यंत्रावर ठेवा, आणि ती प्रत उघडते का हे तिमाहीतून एकदा उघडून पाहा.